वळणावरची सात घरं

१

मुबश्शिराला नकाशा वाचायला तिच्या वडिलांनी शिकवलं, आणि तेही अक्षरं धड गिरवता येण्याच्या आधी. जलालुद्दीन मोजणी खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी माणसं टीव्ही लावतात. हा गृहस्थ सात वर्षांच्या पोरीच्या हातात फीत द्यायचा आणि बीडच्या आपल्याच घराची मोजणी करायला लावायचा. पुढची बाजू अठरा फूट, मागची एकवीस. गल्लीकडचा कोपरा तिरपा कापलेला, कारण नाली काढताना जलालुद्दीननी भांडण न करता दोन फूट जागा सोडली होती. आणि बाहेरून वर जाणारा जिना, नऊ पायऱ्यांचा. तिचा आयुष्यातला पहिला नकाशा हाच. अम्मीनं, म्हणजे अजमतबीनं, तो पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता. मुबश्शिरा तिशीला आली तरी तो तिथंच होता.

खात्यातला एक जुना दंडकही तिला वडिलांकडूनच कळला. घर नकाशात काढायचं असेल तर आधी त्या घरचं पाणी प्यायचं. रस्त्यावर उभं राहून लांबूनच छपरं मोजणारे कामचुकार काय, प्रत्येक जमान्यात असतात. निजामाच्या काळातल्या कुणा निरीक्षकानं त्यावर हा तोडगा काढला होता म्हणे. मोजणारा दारात गेला, पाणी मागितलं, प्याला, की घर आहे आणि घरात माणूस आहे हे नक्की झालं. मग फील्डबुकात त्या घराशेजारी एक बारीकसं गोल काढायचं. त्याला पाण्याचं गोल म्हणत. छापील नियमांत हे कुठंच नव्हतं, पण जुने लोक ते नमाजाइतक्या नेमानं पाळत.

गंमत अशी, की हे सगळं रंगवून सांगणारे जलालुद्दीन स्वतः बाहेरच्या पाण्याचा थेंब घेत नसत. लग्न असो, मयत असो, खांद्याला आपली बाटली, जाड खादीची खोळ घातलेली. एका लग्नात मुलीकडच्यांनी तोंडावर विचारलं होतं, की आमच्या पाण्याचा विटाळ होतो का मौलवीसाहेबांना. अजमतबीनं नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या नाजूक पोटावर सगळं ढकललं आणि वेळ मारून नेली. घरातल्यांना त्यात विशेष काही वाटेनासं झालं होतं.

२

बीडच्या बसस्टँडमागं, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर मुबश्शिराचं ऑफिस होतं. मांजरेच्या खोऱ्याचे जुने नकाशे स्कॅन करायचे, आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवायचे आणि नदी कुठून कुठं सरकली ते दाखवायचं, असं कंत्राट तिच्या साहेबांनी, अमरसिंहांनी, घेतलं होतं. त्यावरून पूररेषा ठरणार होती. खालून दिवसभर पोरांचं गणित ऐकू यायचं आणि वर ती शंभर वर्षांपूर्वीच्या ओढ्यांवरून माऊस फिरवत बसायची. तिला हे काम मनापासून आवडायचं.

सगळ्यात जुना कागद निजामाच्या अमलातला होता. एका मैलाला एक इंच. गावं म्हणजे काळ्या ठिपक्यांचे पुंजके, प्रत्येक ठिपका एक घर. युसूफ वडगावच्या पलीकडं, दोन गावांच्या शिवेवर, नदीनं विळ्यासारखं वळण घेतलं होतं आणि त्या वळणाच्या पोटात पाच ठिपके होते. तिनं नेहमीप्रमाणे नाव शोधलं. नाव नव्हतं. जुने सर्वेवाले एकट्या वडाचंही नाव लिहीत, पडक्या विहिरीचंही लिहीत. इथं पाच घरं असून नाव नव्हतं आणि त्या घरांकडं जाणारी वाटही नव्हती. फक्त प्रत्येक ठिपक्याशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं एकेक बारीक गोल काढलेलं होतं.

म्हणजे कुणीतरी तिथं पाणी प्यालं होतं. तिला बरं वाटलं. अब्बांना दाखवू, खूश होतील, असं म्हणून तिनं पुढचा कागद लावला.

पुढचा सत्तरच्या दशकातला. त्याच वळणात सहा घरं. नाव नाही, वाट नाही.

ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या असतील, तिनं स्वतःला समजावलं. बीड जिल्ह्यात कोप्यांना काय तोटा. पण कोपी चार महिन्यांची पाहुणी असते, ती नकाशात कुणी काढत नाही. बरं, काढलीच, तर पहिली पाच त्याच मांडणीत कशी? दोन पुढं, तीन मागं, मागचं मधलं जरा तिरकं. तिनं दोन्ही कागद उपग्रहाच्या चित्रावर बसवले. मधल्या साठ वर्षांत नदी जवळपास दोनशे मीटर उत्तरेला सरकली होती. घरंही सरकली होती. पाण्यापासूनचं अंतर तेवढंच, चाळीसेक पावलांचं.

कागद बसवताना माझीच चूक झाली, असं ती स्वतःशी म्हणाली. तिनं तीनदा सगळं पुसून पुन्हा बसवलं. आजूबाजूची गावं, देवळं, विहिरी दर वेळी जिथल्या तिथं येत. ती घरं तेवढी नदीबरोबर चालत. उपग्रहाच्या चित्रात त्या जागी वेड्या बाभळींखेरीज काही नव्हतं.

तिसरा कागद १९८८चा, कालव्याच्या मोजणीचा. हा मोठ्या मापाचा होता, त्यामुळं ठिपके नव्हते. प्रत्येक घराचा पाया, भिंतींचा आकार दाखवलेला. वळणात सात घरं. सातव्याला डावीकडं गोठा, दारात दोन पायऱ्या आणि अंगणात झाडाची खूण. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मोजणाऱ्याची सही होती. ती सही मुबश्शिरा दर महिन्याला वडिलांच्या पेन्शनच्या कागदावर बघायची.

३

संध्याकाळी तिनं मोबाईलवर काढलेला फोटो वडिलांसमोर धरला. जलालुद्दीन चहा पीत होते. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला, आणि बशी इतकी जपून खाली ठेवली, की मुबश्शिराला वाटलं यांना काहीतरी होतंय.

“हे कावून काढलं तू बाहेर?” ते म्हणाले.

“काम हाय अब्बा. तुमचीच सही हाय. सात घरं दाखवलीत तुमी. तिथं तर काहीच न्हाई.”

“मी पिलो न्हाई,” जलालुद्दीन म्हणाले.

तिनं विचारलंच नव्हतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. अम्मी ऐकत होती.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. मोजणीची साखळी ओढणारा त्यांचा माणूस होता, बंकट. युसूफ वडगावचा. कामाला वाघ. त्याच्या लग्नात ते त्याच्या घरी जेवले होते. बायकोचं नाव केशरबाई. वैशाखात वळणावर मोजणी चालू होती. दुपारी पाणी संपलं. बंकट बाभळींत गेला आणि तोंड पुसत परत आला. म्हणाला, साहेब, घरं हायत की आत. लई गार पाणी. चला. जलालुद्दीनना बाभळी दिसत होत्या, घर एकही दिसत नव्हतं. ऊन लागलंय याला, असं वाटून ते गेले नाहीत. बंकटनं फील्डबुक घेतलं आणि खात्याच्या रिवाजाप्रमाणे सहा घरं काढून सहा गोलं काढली.

“संध्याकाळी मला घरी जेवायला घेऊन गेलता तो,” जलालुद्दीन म्हणाले. “गल्लीत शिरलो. इकडं सोनाराची भिंत, तिकडं माळ्याची भिंत. मधे काहीच न्हाई. रिकामी जागा. बंकट तिथं उभा. शेजाऱ्यांना विचारतो, माझं घर कुठं हाय? माझी बायको कुठं हाय? शेजारी म्हणले, तू कोण? इथं कधी घर नव्हतंच.”

“असं कसं होईल अब्बा?”

“मला काय माहीत कसं होईल. पिणारा इथंच राहतो पोरी. घर जातं. घरातल्यांसकट जातं. मला तेवढं आठवत होतं, कारण त्या दिवशी मी पण वळणावर होतो. दुसऱ्या कुणालाच न्हाई. पुढं बारा वर्षं बंकट बाजारच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला घर विचारत फिरला. लोक भाकरी द्यायचे. वळणावर रोज जायचा. त्याला पुन्हा बाभळीच दिसल्या.”

“आणि हे सातवं घर?”

“ते मी काढलं. कुठंतरी असावं म्हणून.”

४

माणूस म्हातारा झाला की जुन्या गोष्टींचा गुंता होतो, असं मुबश्शिरानं रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं. बंकटला वेड लागलं असेल. वेडा म्हणेल ते या हळव्या माणसानं खरं धरलं, नकाशात घुसवलं आणि सदतीस वर्षं बाटली वागवली. तिला वडिलांची दया आली आणि थोडा रागही आला. सरकारी कागदावर असं कुणी करतं का.

सकाळी ऑफिसात मात्र तिनं पहिलं काम केलं ते युसूफ वडगावच्या गावठाणाचा नकाशा उघडण्याचं. बाजाराच्या मागची गल्ली सापडली. ओळीनं घरं, भिंतीला भिंत लागलेली. मधेच एक फट होती. शेजारच्या दोन्ही घरांच्या भिंती त्या फटीच्या कडेनं वाकड्यातिकड्या गेल्या होत्या, एका बाजूनं आत, मग बाहेर, काहीतरी मधे असल्यासारख्या. मोकळ्या जागेला असा आकार कुणी देत नाही.

तिनं वळणावरचं सातवं घर उचललं, माप एकसारखं केलं आणि फटीवर सोडलं.

ते बसलं. गोठा सोनाराच्या भिंतीच्या खाचेत गेला, दोन पायऱ्या बरोबर गल्लीत उतरल्या. बोटभरही कुठं उरलं नाही. खाली पोरं एका सुरात तेराचा पाढा म्हणत होती. मुबश्शिरानं ते घर फटीतून काढून परत वळणावर ठेवलं. कुणी विचारलं असतं तर असं का केलं ते तिला सांगता आलं नसतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती काम बंद करावं इतकी मोठी नव्हती, हीच पंचाईत होती.

दुपारी अमरसिंह आले. वळणाच्या जागेची प्रत्यक्ष पाहणी राहिली होती. “सात घरं हायत का न्हाईत, एवढं बघून लिहून द्या मॅडम,” ते म्हणाले. “शुक्रवारी वनमालाला घेऊन जा. शनिवारी तुमची ईद, सोमवारी मला कागद जमा करायचाय.”

५

जलालुद्दीननी आधी नको म्हटलं, मग गुडघे धरून मीच येतो म्हटलं. गुरुवारी रात्री जेवताना त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“उद्या अरफ्याचा दिवस हाय. रोजा ठेव तू.”

ईदच्या आदल्या दिवशीचा हा रोजा घरात अम्मी ठेवायची. मुबश्शिरा कामामुळं टाळायची. तिच्या ध्यानात आलं. रोजा असला की सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा प्रश्नच नाही, आणि सूर्य बुडेपर्यंत ती वळणापासून लांब आलेली असणार. वडिलांच्या डोक्याचं तिला कौतुक वाटलं. तिनं हो म्हटलं. पहाटे सहरीनंतर त्यांनी आपली खोळवाली बाटली स्वतः घासली, घरच्या माठातलं पाणी भरलं, झाकण आवळलं आणि खजुराच्या पुडीबरोबर तिच्या हातात दिली. “रोजा ह्याच पाण्यानं सोडायचा,” ते म्हणाले.

वनमाला ऑफिसातली मदतनीस, मूळची पाटोद्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली, बोलायला बसली की समोरच्याला दम घेऊ न देणारी. जीपमध्ये बसतानाच तिनं जाहीर केलं, की आज तिचीही निर्जळा एकादशी आहे. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. उलट आज दुसऱ्याला गार पाणी पाजलं, की मोठं पुण्य.

“मग आज तुझं पुण्य बुडालं,” मुबश्शिरा म्हणाली. “मला पण चालत न्हाई.”

“घ्या. चांगली जोडी जमली,” वनमाला हसली. “नदीला चाललो आन् दोघी तहानलेल्या.”

रस्ता संपला तिथं ड्रायव्हर लिंबाखाली आडवा झाला. पुढं दोघी चालत निघाल्या, मुबश्शिराकडं यंत्राची काठी आणि टॅब्लेट, वनमालाकडं पिशवी, पिशवीत अब्बांची बाटली. जूनचं ऊन काळ्या रानातून वर येत होतं. नदीत पाणी असं नव्हतंच, मधे मधे हिरवट डबकी. वळणाच्या पोटात बाभळी इतक्या दाट होत्या, की वाकल्याशिवाय आत जाता येईना.

आत घरं नव्हती. मुबश्शिरानं सगळीकडं पाहिलं. पाया नाही, दगड नाही, चुलीची राख नाही. फक्त एका जागी, दोन खाटा मावतील एवढी जमीन झाडून घेतलेली होती. एक काटा नाही, एक पान नाही. आणि मधोमध मातीवर एक ओलं कडं होतं, भरलेली घागर आत्ताच उचलून नेल्यावर राहतं तसं.

गुराखी येत असतील, ती मनाशी म्हणाली. ओल इतक्या उन्हात किती टिकेल, हा प्रश्न तिनं पुढं नेला नाही. कुठूनतरी रहाटाची कुरकुर ऐकू येत होती, दोर वर ओढावा तशी, थांबून थांबून. पंप असेल कुणाचा.

कालव्याचा जुना दगड शोधायला ती काठानं खाली गेली. वनमाला सावलीला थांबली. दगड सापडायला वीसेक मिनिटं लागली. परत आली तेव्हा वनमाला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, समाधानानं, देवळातून आल्यासारखी. बाटलीची खोळ ओली दिसत होती.

“गळतीय का गं ती?”

“न्हाई, न्हाई. घट्ट हाय झाकण.”

उन्हानं बाटलीला घाम येतो, असं काहीसं मुबश्शिराच्या मनात आलं आणि गेलं. तिला लवकर निघायचं होतं. सातही घरांवर टॅब्लेटमध्ये एकेक फुली मारून तिनं खाली लिहिलं: प्रत्यक्षात घरे नाहीत. सातव्यावर फुली मारताना तिला वाईट वाटलं.

६

केज मागं पडलं आणि सूर्य बुडायला आला. रोजा सुटायची वेळ झाली तशी ड्रायव्हरनं एका पुलाच्या कठड्याशी जीप घेतली. लांबच्या मशिदीतून अजान आली. मुबश्शिरानं दुआ म्हटली, खजूर तोंडात टाकला आणि बाटली उघडली.

तीन घोटांत पाणी प्यावं असं अब्बांनी लहानपणापासून शिकवलेलं. पहिला घोट घेताना तिला फक्त बरं वाटलं. दुसऱ्याला दात ठणकले. पहाटे पाचला भरलेलं पाणी, दिवसभर जूनच्या उन्हात हिंडलेलं, विहिरीच्या तळातून आत्ता वर ओढावं इतकं गार होतं. तिसरा घोट सवयीनं आत गेला.

“गार हाय का न्हाई?” वनमाला आनंदानं म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दिवसभराची तहान होती, तरी डोळे हसत होते. “तुमचं पाणी पार कढत झालं होतं मॅडम. रोजा कशानं सोडणार, म्हणलं. ओतून दिलं आन् ताजं भरून आणलं. पुण्य काय सोडते व्हय मी.”

“कुठून?”

“तिथंच की. तुमी दगड बघायला गेलत्या ना, तवा. त्या बाभळींच्या मागं घर हाय एक. डाव्या अंगाला गोठा, दारात निंब, दोन पायऱ्या. लई मायाळू बाई. म्हणली, मावशी म्हणू नको, केशरबाई म्हण. हातानं शेंदून दिलं बिचारीनं. मी म्हणलं, माझी निर्जळा हाय, पण आमच्या मॅडमला लागतंय. तर म्हणली, चालतंय, तिला दे. इथं वाट बघत्यात म्हणली तिची.”

मुबश्शिरानं पुलाखाली जाऊन घशात बोटं घातली. खजूर बाहेर आला. पाणी आलं नाही. वनमाला तिच्या पाठीवरून हात फिरवत काय झालं, काय झालं म्हणत राहिली. तिच्यावर ओरडावं असं मुबश्शिराला फार वाटलं. पण दिवसभर घसा कोरडा ठेवून दुसऱ्यासाठी पाणी आणणाऱ्या बाईवर ओरडणार तरी काय.

तिनं घरी फोन लावला. लगेच उचलला गेला.

“अब्बा, घरातच हाव ना?”

“घरातच हाव. कुठं जाणार.” जलालुद्दीनांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त त्यामागं काहीच नव्हतं. ईदच्या आदल्या दिवशी गल्लीत बकरी ओरडतात, पोरं पळतात, गाड्या वाजतात. त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मग ऐकू आली ती रहाटाची कुरकुर, थांबून थांबून. “लाईट गेली. तुझी अम्मी दिवा लावतीय. पोरी, आपल्या दारासमोर निंब कधी होता का गं?”

मुबश्शिराला रडू फुटलं.

“अच्छा,” जलालुद्दीन म्हणाले. त्यांना समजलं होतं. “तू रडू नको. तुझी काही चूक न्हाई. बंकटची पण नव्हती.”

“मी येते परत तिथं. आत्ता येते.”

“बाभळी दिसतील तुला. त्यापेक्षा गल्लीत जा आन् माप घे. घर होतं एवढंच ध्यानात राहील, कसं होतं ते उद्यापर्यंत जाईल, बंकटचं पण गेलतं. तेव्हा आजच घे. कोपरा तिरपा हाय, विसरू नको.” मग ते कुणाशीतरी लांबून, अदबीनं बोलले, “न्हाई, न्हाई, कशाला त्रास,” आणि पुन्हा फोनमध्ये म्हणाले, “एक बाई पाणी घेऊन आलीय. आता घेतो. लई वर्षं झाली न पिऊन.”

त्यानंतर तो नंबर अस्तित्वात नाही, असं एक यांत्रिक बाई तिला तिन्ही भाषांत सांगत राहिली.

७

गल्लीत दिवे होते. उद्याची ईद होती, मेंदीच्या कोनांची गाडी उभी होती, दारादारात बकरी बांधलेली. मुबश्शिरा चालत आली. एका बाजूला मुस्तकीम शिंप्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. दोन भिंतींच्या मधे मोकळी जागा, आणि त्या जागेत कुणाचंतरी बकरं शांतपणे चारा खात होतं.

मुस्तकीमनं मशीनवरून मान वर केली. लहानपणापासून ईदचे कपडे तिला याच माणसानं शिवून दिले होते.

“कुणाकडं जायचंय बाई?”

“इथं जलालुद्दीन राहायचे. मोजणीवाले.”

त्यानं खरंच आठवून बघितलं. चांगला माणूस होता. “न्हाई बाई. मी तीस वर्षं हाय इथं. ही जागा अशीच हाय,” तो म्हणाला. “दमलेल्या दिसता. पाणी देऊ का?”

“नको,” मुबश्शिरा म्हणाली.

तिनं पिशवीतून फीत काढली. एक टोक त्या मोकळ्या जागेच्या कडेला दगडाखाली दाबलं आणि चालत गेली. समोरून अठरा फूट. मागून एकवीस. नालीच्या बाजूला जमीन तिरपी कापलेली होती, दोन फूट. जिना जिथं भिंतीला टेकायचा, तिथं गिरणीच्या भिंतीवर नऊ फिकट खुणा एकावर एक चढत गेल्या होत्या. तिनं त्या हातानं मोजल्या. मुस्तकीम दारात उभा राहून बघत होता. सरकारी मोजणी असावी असं समजून त्यानं बकरं बाजूला ओढून घेतलं.

मग ती त्याच्या पायरीवर बसली आणि टॅब्लेट उघडला. वळण उघडलं. सात घरांवरच्या फुल्या एकेक करून पुसल्या. खालची ओळ पुसली. सातव्याच्या शेजारी, निंबाच्या समोर, पाण्यापासून चाळीस पावलांवर तिनं आठवं घर काढायला घेतलं. कोपरा तिरपा दाखवला. जिना दाखवला. आत स्वयंपाकघर कुठल्या अंगाला होतं यावर तिचा हात क्षणभर अडला. झाकणाच्या आतला तो कागद कुठल्या डब्याला होता, पिठाच्या की डाळीच्या, ते तिला आठवेना. तिनं घाईनं राहिलेल्या भिंती पूर्ण केल्या.

सगळ्यात शेवटी, खात्याच्या रिवाजाप्रमाणे, तिनं त्या घराशेजारी पाण्याचं एक गोल काढलं.